डोक्यावरचे विमान आणि कुंपणाआडचे विमान: पार्ले पूर्वेतील एका सोसायटीच्या तक्रारीचा अभ्यास

हे प्रकरण विलेपार्ले पूर्वेतील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे आहे. संस्थेचे नाव, रस्ता आणि संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. विमानाच्या आवाजाविरुद्धच्या तक्रारी मुंबईत नव्या नाहीत आणि त्यांतल्या बहुतेक फायलीतच राहतात. या तक्रारीचा एक भाग मार्गी लागला आणि दुसरा लागला नाही. असे का झाले, हे तपशिलात पाहण्यासारखे आहे.

पार्श्वभूमी

मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने हाताळता येत नाहीत आणि बहुतेक सारा भार पूर्व-पश्चिम अशा मुख्य धावपट्टीवर पडतो. वर्षाचा बराच काळ वारा पश्चिमेकडून असल्याने विमाने घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरतात आणि सांताक्रूझ-जुहूवरून समुद्राकडे उडतात. मुख्य धावपट्टी बंद असली की दुय्यम धावपट्टी कामाला येते आणि तिचे वायव्य टोक पार्ल्याच्या अंगाला आहे.

सोसायटीची इमारत स्टेशन आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. तळमजला अधिक तीन मजले, बांधकाम १९६० च्या दशकातले, सागवानी चौकटींच्या खिडक्या, वर काचेच्या पट्ट्यांचे झरोके आणि बहुतेक ठिकाणी काचेभोवतीची लांबी (पुट्टी) सुटलेली. राहणारे बरेचसे दुसऱ्या पिढीतले मराठी कुटुंबीय असून निवृत्तांची संख्या मोठी आहे. विमानतळ जवळ असल्याचे त्यांना कधीच वावगे वाटले नव्हते. लहानपणी गच्चीवरून विमाने मोजल्याच्या आठवणी तक्रारदारांपैकीच अनेकांनी सांगितल्या.

बदलले ते प्रमाण. नवे टर्मिनल-२ फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाले. ८ डिसेंबर २०१८ रोजी या विमानतळाने एका दिवसात १,००७ विमाने हाताळली आणि ११ नोव्हेंबर २०२३ रोजी हा आकडा १,०३२ वर गेला. धावपट्टी मात्र वाढली नाही, त्यामुळे पूर्वी दोन विमानांच्या मध्ये जी उसंत मिळत असे ती आटत गेली.

इमारतीची आणखी एक अडचण आवाजाशी थेट संबंधित नाही, पण या प्रकरणात ती पदोपदी आडवी येते. विमानतळाभोवतीच्या इमारतींच्या उंचीवर २०१५ च्या नियमांनुसार मर्यादा आहे आणि बांधकामासाठी विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. बोलीभाषेत हा सगळा पट्टा ‘फनेल झोन’. उंचीच मिळत नसल्याने चटईक्षेत्र (भूखंडावर जेवढे बांधकाम मंजूर असते ते) वापरता येत नाही, ते वापरता येत नसल्याने विकासक फिरकत नाही, आणि पुनर्विकास होत नसल्याने आवाज अडवू शकतील अशा भिंती आणि खिडक्या या इमारतीला मिळत नाहीत. ज्या विमानामुळे झोप जाते, त्याच विमानामुळे बंद होणारी खिडकीही मिळत नाही, असे सचिवांनी एका पत्रात लिहिले होते. एवढ्या पत्रव्यवहारातले हे सर्वात नेमके वाक्य म्हणावे लागेल.

प्रश्न

२०१८ च्या हिवाळ्यात तक्रारी अचानक वाढल्या. तिसऱ्या मजल्यावरील एका दांपत्याने लिहून दिले की रात्री दीड-दोनच्या सुमारास काचा थरथरतात आणि आवाज येऊन निघून जात नाही, ‘धरून राहतो’. दुसऱ्या एका घरातून तक्रार आली की पहाटेच्या उड्डाणांमुळे बाळ उठते. एका आजींचे म्हणणे साधे होते: फोनवर मुलीशी बोलताना दर दोन वाक्यांनी ‘थांब हं, विमान जातंय’ म्हणावे लागते.

व्यवस्थापक समितीने या सगळ्यांची मोट बांधून ‘विमानांचा असह्य गोंगाट’ या एकाच मथळ्याचे पत्र तयार केले. वस्तुतः त्यात निदान दोन वेगळ्या आवाजांच्या तक्रारी होत्या. पण तेव्हा ते समितीच्या ध्यानात आले नाही आणि पत्र वाचणाऱ्या कोणत्याही कार्यालयाला ते ध्यानात आणून देण्याचे कारण नव्हते.

पहिली पावले

पहिले पत्र २०१९ च्या सुरुवातीला गेले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्याकडे ती रोज ओलांडली जाते, सबब रात्रीची उड्डाणे बंद करावीत, असा त्याचा आशय. सोबत एका सभासदाच्या मुलाने मोबाइलवरच्या ॲपने घेतलेल्या आकड्यांचे तक्ते जोडले होते. पत्र विमानतळ चालवणाऱ्या कंपनीला, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पोलीस ठाण्याला असे एकदम चार ठिकाणी गेले.

पोलिसांनी तोंडी सांगितले की लाउडस्पीकर असता तर आम्ही आलो असतो. इतर ठिकाणांहून आलेल्या उत्तरांचा मथितार्थ एकच होता आणि तो कायद्याच्या दृष्टीने बरोबर होता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१८ मध्ये विमानतळ ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मानके अधिसूचित केली असून, वर्षाला ५०,००० हून अधिक विमानांची ये-जा असलेल्या विमानतळाभोवती ही मर्यादा दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल आहे. शिवाय ही मर्यादा सरासरीची आहे.

सरासरीचा हा मुद्दा समजून घेण्यात सोसायटीचे बरेच महिने गेले, म्हणून तो थोडा विस्ताराने सांगतो. समजा, रात्री दहा ते सकाळी सहा या आठ तासांत ८० डेसिबलचा वीस सेकंदांचा आवाज वीस वेळा झाला आणि उरलेला वेळ शांत गेला. झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने ती रात्र वीसदा मोडली. पण त्या आठ तासांची समतुल्य सरासरी काढली, म्हणजे तेवढीच ध्वनिऊर्जा आठ तासांत सारखी पसरली असे धरले, तर ती ६१ डेसिबलच्या आसपास येते, म्हणजे मर्यादेच्या आत. रहिवासी सांगत होते ते वीस वेळांबद्दल आणि कार्यालये उत्तर देत होती ते आठ तासांबद्दल. दोन्ही बाजू खरे बोलत होत्या, म्हणूनच पत्रव्यवहार पुढे सरकत नव्हता.

मोबाइलवरच्या आकड्यांचा टिकाव लागला नाही, हे वेगळे सांगायला नको. प्रमाणित न केलेल्या मायक्रोफोनचे आकडे सुनावणीत कोणी धरत नाही. उलट एका अधिकाऱ्याने त्याच तक्त्यांतील दोन ओळी दाखवून विचारले की या वेळी महामार्गावरून डंपर गेला नसेल कशावरून?

पर्यायांचा विचार

२०१९ च्या उन्हाळ्यात विशेष सर्वसाधारण सभा झाली. इतिवृत्तावरून दिसते की बहुतेक वेळ उच्च न्यायालयात जावे की नाही या चर्चेत गेला. एका वकील सभासदाने सल्ला दिला की मानकाच्या आतला आवाज आणि अप्रमाणित मोजणी एवढ्या भांडवलावर याचिका केली तर ती फेटाळली जाईल आणि तो निकाल पुढे कायम आपल्याविरुद्ध दाखवला जाईल. हा सल्ला मानला गेला. सगळ्या प्रकरणातील पहिला महत्त्वाचा निर्णय हाच आणि तो योग्य होता, असे माझे मत आहे.

रात्रीच्या उड्डाणबंदीची मागणी लोकप्रिय होती, पण निरुपयोगी होती. युरोप आणि आखाताकडे जाणारी-येणारी बरीच विमाने मुंबईत मध्यरात्र ते पहाट याच वेळेत असतात, कारण दुसऱ्या टोकाला सोयीच्या वेळी पोचणे त्यावर अवलंबून असते. दिवसाची धावपट्टी आधीच भरलेली असताना ही विमाने दिवसा कुठे बसवणार, याचे उत्तर सोसायटीकडे नव्हते आणि इतर कोणाकडेही नव्हते. मार्ग बदलण्याची मागणीही अशीच. उड्डाणानंतरची पहिली काही किलोमीटर विमान धावपट्टीच्या रेषेतच जाते. धावपट्टीच्या बगलेला असलेल्या इमारतीला पुढच्या वळणाने काही फरक पडत नाही, आणि पडलाच तर तो जुहूकरांच्या पदरात पडतो.

खिडक्यांचा पर्याय सर्वांत व्यवहार्य दिसत होता. उघड्या खिडकीतून आवाज साधारण १० ते १५ डेसिबलनेच कमी होतो; नीट बसणारी साधी खिडकी बंद केली तर २० ते २५ ने; आणि लॅमिनेटेड काच, रबराची पट्टी आणि घट्ट मिटणारे झडप असलेल्या खिडकीने तीसच्या वर. सभासदांनी आणलेली अंदाजपत्रके मात्र सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्यांची होती. त्यांच्या दोन झडपांमध्ये फट राहतेच आणि आवाजाला तेवढी फट पुरते. याखेरीज खिडकी बंद केल्यावर हवा कुठून येणार हा प्रश्न होताच. वातानुकूलन आणि त्याचे वीजबिल निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांना परवडणारे नव्हते. लंडनच्या हीथ्रोसारख्या विमानतळांवर परिसरातील घरांना ध्वनिरोधक बसवण्यासाठी विमानतळच पैसे देतो. इथे तशी योजना नसल्याने खर्च सिंकिंग फंडातून (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतून) करावा की ज्याचा त्याने, यावर सभा विस्कटली. पूर्वेकडे तोंड असलेल्या घरांना आवाज जास्त आणि पश्चिमेकडच्यांना कमी, तेव्हा सर्वांनी सारखा हिस्सा का द्यावा, हा आक्षेप अवाजवी म्हणता येणार नाही.

दोन आवाज वेगळे कसे झाले

नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात मुख्य धावपट्टीच्या नूतनीकरणासाठी ती रविवार वगळता रोज सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच बंद राहिली आणि विमाने दुय्यम धावपट्टीवर वळवली गेली. दुपारची झोप गेल्याने तक्रारींना नवा जोर आला. त्यानंतर २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणे बंद झाली ती २५ मेपर्यंत.

या दोन महिन्यांत आकाश रिकामे होते. मालवाहू विमाने तेवढी अधूनमधून जात. आणि तरीही एका रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या काचा पूर्वीसारख्याच थरथरल्या. तिथे राहणारे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले अभियंता, त्यांनी दुसऱ्या दिवशी सचिवांना विचारले, “अहो, विमानं तर बंद आहेत. मग रात्री गुरगुरत होतं ते काय?”

ते जमिनीवरच्या विमानाचे इंजिन होते. दुरुस्तीनंतर इंजिन उभ्या विमानात चालवून तपासावे लागते. दीर्घकाळ उभ्या असलेल्या विमानांची इंजिनेही ठरावीक मुदतीने फिरवावी लागतात. रात्री ‘धरून राहणारा’ आवाज तो हाच, आणि २०१८ पासून त्याची तक्रार उड्डाणांच्या तक्रारीत मिसळून गेली होती. उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानाचा आवाज चढतो आणि अर्ध्या मिनिटात ओसरतो. इंजिन-चाचणीचा आवाज काही मिनिटे एकाच पट्टीत राहतो आणि त्यातला खर्जाचा भाग साध्या काचेला जुमानत नाही.

हिवाळ्यातच तक्रारी का वाढत, याचाही उलगडा झाला. मुंबईत हिवाळ्याच्या रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्वेकडून वाहतो आणि पार्ले विमानतळाच्या पश्चिमेला आहे. त्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असली की वर जाणारा आवाज खाली वळून दूरवर पोचतो. शिवाय त्या दिवसांत लोक पंखा बंद करून खिडक्या उघड्या ठेवून झोपतात. पावसाळ्यात यातले काहीच नसते. वारा उलटा, खिडक्या बंद आणि पत्र्यावर पाऊस.

दुसरा महत्त्वाचा निर्णय इथे झाला. समितीने डेसिबल मोजणे थांबवले आणि नोंदवही सुरू केली. साधी शाळेची दोनशे पानी वही, रकाने हाताने आखलेले: तारीख, आवाज सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, आणि ‘गेला’ की ‘धरला’. विमानांचे मार्ग दाखवणारे मोबाइल ॲप उघडून त्या क्षणी आसपास उडते विमान दिसते का, हे शेवटच्या रकान्यात लिहायचे. तीन घरांकडे अशा तीन वह्या दिल्या आणि एकमेकांच्या वह्या पाहायच्या नाहीत असे ठरवले. ही अट अभियंता गृहस्थांची. त्यामुळे तीनही वह्यांत जुळणाऱ्या नोंदींना पुढे वजन आले.

बैठक

२०२२ पर्यंत उड्डाणे बऱ्यापैकी पूर्ववत झाली होती आणि दोन हिवाळ्यांच्या नोंदी हातात होत्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्याने नगरसेवक नव्हते आणि एरवी ज्या दारातून अशी कामे जातात ते दारच बंद होते. समितीने थेट विमानतळाच्या पर्यावरण विभागाकडे वेळ मागितली, आणि या वेळी पत्रात उड्डाणांचा उल्लेखही केला नाही. फक्त तीनही वह्यांत जुळलेल्या ‘धरलेल्या’ आवाजांच्या तारखा आणि वेळा दोन पानांत दिल्या आणि विचारले की या वेळी इंजिन-चाचणी चालू होती का.

प्रश्न नेमका असल्यामुळे त्याला उत्तर देता येत होते. पूर्ण क्षमतेची इंजिन-चाचणी कोणी मनाला येईल तेव्हा करत नाही. तिला परवानगी लागते आणि तिची नोंद राहते. अधिकाऱ्यांनी त्यांची नोंद समोर ठेवली तेव्हा बहुतेक वेळा जुळल्या. चार वर्षांच्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंचे कागद पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झाले.

सोसायटीची पहिली सूचना होती की विमानाचे तोंड फिरवून चाचणी करावी, म्हणजे मागचा आवाज पार्ल्याकडे येणार नाही. ती मान्य होण्यासारखी नव्हती. चाचणीत विमान वाऱ्याकडे तोंड करून उभे करावे लागते, नाहीतर इंजिनात हवा नीट शिरत नाही. हिवाळ्यातल्या रात्री वारा पूर्वेचा, म्हणजे तोंड पूर्वेला आणि शेपूट पार्ल्याला. जागा बदलणे तेवढे हातात होते. मध्यरात्र ते पहाट पाच या वेळेत महामार्गाजवळच्या जागेवर चाचणी शक्यतो करायची नाही, सकाळच्या पहिल्या फेरीचे विमान अडले असेल तर अपवाद, असे तोंडी ठरले आणि पुढे ईमेलने कळवण्यात आले.

परिणाम

त्यानंतरच्या हिवाळ्यात वह्यांतील ‘धरलेल्या’ नोंदी स्पष्टपणे कमी झाल्या. अपवादाच्या रात्री येतातच, पण रहिवासी आता एक फोन करून कारण विचारू शकतात आणि बहुधा उत्तर मिळते. धावपट्टीच्या कामाची पूर्वसूचना सोसायटीला मिळू लागली आहे. पूर्वेकडच्या काही घरांनी झोपण्याच्या खोलीपुरत्या चांगल्या खिडक्या स्वखर्चाने बसवल्या. संपूर्ण इमारतीचा ठराव झालाच नाही. एक कुटुंब बदलापूरला गेले. त्यांच्या जाण्याची कारणे अनेक होती, पण आवाज हे त्यांतले एक होते.

उड्डाणांचा आवाज कमी झाला नाही. नव्या पिढीची इंजिने जुन्यांपेक्षा शांत आहेत, पण सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत ते जाणवत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विमानतळावरील ताशी विमानांची कमाल संख्या ४६ वरून ४४ वर आणण्यात आली, तेव्हा काही सभासदांना तो आपल्या पत्रांचा परिणाम वाटला. तो निर्णय आकाशात घिरट्या घालणाऱ्या विमानांच्या कोंडीमुळे आणि उशिरामुळे झाला होता; गोंगाटाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

वेगळे काय करता आले असते

पहिले वर्ष ४५ डेसिबलच्या युक्तिवादात गेले. २०१८ ची अधिसूचना तेव्हा लागू झालेली होती आणि वाचायला उपलब्ध होती. पत्र लिहिण्याआधी ती वाचली असती तर मागणी वेगळ्या स्वरूपात गेली असती.

मोजणी करायचीच होती तर ती प्रमाणित यंत्राने आणि योग्य दिवशी करता आली असती. दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर देखभालीसाठी दोन्ही धावपट्ट्या एकेक दिवस सकाळी ११ ते ५ बंद असतात. २०२३ मध्ये हे दिवस २ मे आणि १७ ऑक्टोबर होते. त्या सहा तासांची मोजणी आणि आदल्या दिवशी त्याच वेळेची मोजणी शेजारी ठेवली असती, तर महामार्गाचा वाटा किती आणि विमानांचा किती याचे उत्तर मिळाले असते आणि डंपरचा प्रश्न निघाला नसता.

सगळ्यात अवघड मुद्दा मात्र बैठकीत कोणीच काढला नाही. चाचणीची जागा पार्ल्यापासून दूर गेली, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी जवळ गेली. विमानतळाच्या पूर्व आणि दक्षिण कुंपणाला लागून कुर्ला-जरीमरीच्या बाजूला दाट वस्त्या आहेत. तिथे भिंती पत्र्याच्या आहेत, खिडकीला काच असेलच असे नाही आणि पर्यावरण विभागाला इंग्रजीत पत्र लिहिणारा निवृत्त अभियंताही सहसा नसतो. नवी जागा नेमकी कोणती, हे सोसायटीने विचारले नाही आणि तिला कोणी सांगितले नाही. सोसायटीने जे मिळवले ते कष्टाने मिळवले, यात शंका नाही. पण चाचणीसाठी आवाज अडवणाऱ्या भिंतींची बंदिस्त जागा बांधावी, अशी मागणी दोन्हीकडच्या रहिवाशांनी मिळून केली असती तर आवाज सरकवण्याऐवजी अडवण्याबद्दल बोलणी झाली असती. अशा जागा जगातल्या अनेक विमानतळांवर आहेत. समितीपुढे हा मुद्दा मी मांडला तेव्हा खजिनदारांनी विचारले की ‘त्यांना’ गाठणार कसे? विमानतळाला वळसा घालून रिक्षाने जाता येते, एवढेच मी म्हटले.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिथून उड्डाणे सुरू झाली. त्याआधीच सोसायटीने नवे पत्र पाठवले आहे: काही उड्डाणे खाडीपलीकडे जाणार असतील तर मुंबईतून आधी रात्रीच्या वेळा मोकळ्या कराव्यात आणि त्या पुन्हा भरू नयेत. विमानांच्या वेळा उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन हंगामांसाठी ठरतात आणि ते वाटप हंगाम सुरू होण्याच्या काही महिने आधी होते. हे पत्र मात्र वाटप होऊन गेल्यावर पोचले. पुढचे वेळेत जावे म्हणून सचिवांनी त्याचा मसुदा आताच करून ठेवला आहे, आणि त्यावर जरीमरीतल्या एका रहिवासी मंडळाचीही सही घ्यायची का, हा विषय येत्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आहे.